एक जूनला जन्मलेली माणसं

लिफ्टमध्ये कागद चिकटवलेला होता. तिसऱ्या मजल्यावरची कम्युनिटी रूम बंद करून तिथे काचेच्या छोट्या केबिन करणार, लॅपटॉप घेऊन बसायला तासाच्या भाड्याने देणार, आणि बिल्डिंगमधल्या नव्वद टक्के रहिवाशांना ही कल्पना पसंत आहे, असं त्यावर लिहिलेलं. खाली मॅनेजरची सही. मी ऑफिसातून दमून आले होते, हातात भाजीची पिशवी होती, आणि मला राग आला तो आधी त्या नव्वदचा. केबिनचा राग घरात शिरल्यावर आला.

याला कारण माझा धंदा. गेली वीस-बावीस वर्षं मी औषधांच्या कंपन्यांत सांख्यिकीचं काम करते. नवं औषध किती लोकांना लागू पडेल, किती जणांना त्रास देईल, हे थोड्या माणसांना देऊन बघायचं आणि त्यावरून सगळ्यांबद्दल सांगायचं. असा आकडा एकटा सांगायचा नसतो. तो इकडे-तिकडे किती सरकू शकतो तेही सोबत सांगावं लागतं, नाहीतर आमच्याकडे समोरचा माणूस ऐकूनच घेत नाही. आणि हा पठ्ठ्या लिफ्टमध्ये नुसता नव्वद चिकटवून मोकळा झाला होता. किती जणांना विचारलं, कोणाला विचारलं, काय विचारलं, कशाचा पत्ता नाही.

मी पत्ता काढला. आमच्या बिल्डिंगचं एक ॲप आहे. भाडं भरायचं, नळ गळतो म्हणून तक्रार करायची, ते सगळं त्याच्यावर. लीझवर, म्हणजे भाडेकरारावर, ज्याची सही असते त्यालाच ते उघडता येतं. त्या ॲपवर मध्यंतरी एक प्रश्न येऊन गेला होता: कामासाठी शांत, आधुनिक जागा मिळाली तर आवडेल का? त्या बदल्यात कम्युनिटी रूम जाईल, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. नाही कोण म्हणेल? मला विचारलं असतं तर मीही हो म्हटलं असतं, आणि कदाचित म्हटलंही असेल, कारण ट्रेनमध्ये उभ्याउभ्या असल्या प्रश्नांची उत्तरं मी न वाचता देते.

ती रूम म्हणजे काही महाल नव्हता. जर्सी सिटीतल्या उंच भाड्याच्या बिल्डिंगांत असते तशीच एक: बसून बसून खोलगट झालेला लांब सोफा, दोन गोल टेबलं, एक मायक्रोवेव्ह, नदीच्या बाजूला मोठी खिडकी. नोकरी करणारे आम्ही तिथे फक्त मुलांच्या बर्थडेला जायचो. पण दुपारची जेवणं झाली की शाळेच्या बस येईपर्यंत तिथे आई-वडील मंडळी बसलेली असायची. कोणी सहा महिन्यांसाठी नातवंडं सांभाळायला आलेले, कोणी कायमचे.

माझी आई कायमच्यांतली. बाबा गेल्यावर ती वर्ध्याचं घर विकून माझ्याकडे आली. मी सकाळी आठला निघायचे आणि साडेसहाला परत यायचे. सकाळी ज्या खुर्चीत ती बसलेली असायची त्याच खुर्चीत संध्याकाळी असायची. काय केलंस दिवसभर विचारलं तर म्हणायची, काही नाही. जेवलीस का, तर हो. हळूहळू ती हो-नाहीसुद्धा मानेनेच सांगायला लागली. माझी आई, जी वर्ध्यात भाजीवाल्याशी अर्धा तास भांडून वर त्याच्या मुलाची परीक्षा कशी गेली ते विचारून यायची, ती मुकी होत चालली होती आणि मी पैसे मिळवत होते. मला रात्री झोप लागत नसे.

मग एकदा टपालाच्या खोक्यांपाशी सातव्या मजल्यावरच्या तेलुगू आजी तिला भेटल्या आणि हाताला धरून त्या रूममध्ये घेऊन गेल्या. दोघींची भाषा एक नाही. आजींचं हिंदी मोडकं आणि आईचं वऱ्हाडी हिंदी त्याहून अजब. पण दोघींना मेथी निवडता येत होती. आई रोज दुपारी एक जुडी घेऊन खाली जायला लागली, आणि महिन्याभरात आमच्या घरी संध्याकाळी बातम्या सुरू झाल्या. कोणाची सून रागावून हॉटेलात राहायला गेली, कोणत्या चिनी आजोबांचे दात बसवून झाले, कोणाला परत जायचंय आणि मुलगा तिकीट काढत नाही. मी इतकी मेथी आयुष्यात खाल्ली नव्हती, पण खात होते. ती रूम गेली तर आई परत त्या खुर्चीत जाऊन बसेल हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि दुसऱ्यांदा ती त्यातून उठेल याची मला मुळीच खात्री नव्हती.

मी मॅनेजरला जाऊन भेटले. मुलगा सभ्य होता, प्रत्येक गोष्टीला ‘परफेक्ट’ म्हणायचा. तुमचा सर्व्हे चुकीचा आहे असं मी सांगितलं, तेव्हाही परफेक्ट म्हणाला. जूनच्या शेवटी रहिवाशांची मीटिंग आहे, तिथे तुमचं म्हणणं मांडा, पाच मिनिटं देतो. मीही हट्टाला पेटले. म्हटलं, बरा सर्व्हे कसा असतो ते याला दाखवतेच.

एकोणिसाव्या मजल्यावरचे काका माझ्या मदतीला आले. मूळचे सांगलीकडचे, इथे आले तेव्हा या देशात मेथी मिळत नव्हती असं सांगणारे, निवृत्त इंजिनिअर. बायको गेल्यापासून तेही दुपारी त्या रूममध्येच असत. त्यांचं म्हणणं, इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू, तासाभरात दोनशे उत्तरं येतील. मी म्हटलं, काका, ती दोनशे उत्तरं आपल्याच माणसांची असतील. मॅनेजरने त्याच्या सोयीच्या लोकांना विचारलं, आपण आपल्या सोयीच्या लोकांना विचारू, मग भांडण कसलं?

आम्ही सगळ्या फ्लॅटचे नंबर कॉम्प्युटरमध्ये घातले आणि त्यातले साठ आंधळेपणाने काढले. साठच का, असं काकांनी विचारलं. जास्त घेतले तर चूक कमी होते, पण चूक निम्मी करायची तर दारं चौपट ठोठावावी लागतात, आणि माझे गुडघे माझे आहेत. जो नंबर आला त्याच दारावर जायचं. बंद असलं तर शेजारचं उघडं दार चालणार नाही, त्याच दाराशी परत जायचं. काकांना हे फार जड गेलं. शेजारच्या दारात ओळखीच्या काकू उभ्या आहेत, चहाला बोलावताहेत, आणि आपण बंद दाराची बेल वाजवत उभं राहायचं म्हणजे काय!

पण घरात चार माणसं असली तर कोणाला विचारायचं? दार उघडेल त्याला विचारलं तर सगळी उत्तरं दुपारी घरी असणाऱ्यांचीच येतात. यावर या देशात एक जुनी युक्ती आहे: घरातल्या मोठ्या माणसांपैकी ज्याचा वाढदिवस सगळ्यांत आधी येणार असेल त्याला विचारायचं. वाढदिवस काय, वर्षभर पसरलेले असतात, त्यामुळे ही एक चिठ्ठी टाकल्यासारखीच होते. मी ही युक्ती शिकलेय, वापरलीय, नव्या पोरांना शिकवलीय. मे महिन्याच्या मधे आम्ही सुरुवात केली आणि महिना संपायच्या आत साठही दारं पूर्ण झाली. आमचाही फ्लॅट त्यात निघाला. आमच्या घरात आईचाच वाढदिवस आधी येत होता. मी घरातली म्हणून मी विचारायचं नाही, काकांनी विचारायचं असं ठरलं. आईने त्यासाठी साडी बदलली, खुर्चीत नीट बसली आणि रूम राहू द्यावी असं काकांना सांगितलं, जसं काही काका तिला पहिल्यांदाच भेटत होते.

हिशेब केला तर साठांतल्या पंचेचाळीस जणांना रूम हवी होती. शंभरात पंचाहत्तर. पुढेमागे सरकण्याची जागा धरून चौसष्ट ते शहाऐंशी. म्हणजे नशीब बरंच वाईट धरलं तरी निम्म्याच्या खूप वर. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला ही बातमी सांगितली. ती खुश झाली. म्हणाली, मग एक तारखेला दुप्पट शिरा करते.

कसला शिरा, मी विचारलं. तर त्यांच्या दुपारच्या मंडळींनी ठरवलं होतं की एक जूनला सगळ्यांचा वाढदिवस एकत्र करायचा.

“कोणाकोणाचा?”

आई बोटांवर मोजायला लागली. तिचा स्वतःचा. काकांचा. चौदाव्या मजल्यावरच्या त्या अकोल्याच्या जोडप्याचा, दोघांचाही. नाशिकच्या काकूंचा, गुजराती बांचा. तेलुगू आजींचा एक जुलै होता, पण त्या म्हणाल्या होत्या, महिनाभर काय थांबायचं. आई हसत होती. हातांची बोटं संपली तरी ती मोजतच होती.

आईचा जन्म कापसाची वेचणी चालू असताना झाला, म्हणजे थंडीत. तारीख कोणालाच माहीत नाही. शाळेत घालायला नेलं तेव्हा मास्तरांनी विचारलं, आजोबांनी खांदे उडवले, आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून मास्तरांनी एक जून लिहून टाकला. तिच्या पाचही भावंडांचा वाढदिवस एक जून आहे, फक्त सालं वेगळी. तीच तारीख दाखल्यावर, तीच पासपोर्टवर, तीच ग्रीन कार्डवर. आपल्याकडे त्या पिढीत घराघरांत अशी माणसं आहेत. हे मला माहीत नव्हतं असं नाही, मी त्याच घरात वाढलेय. पण दारोदार फिरताना ‘माझाच आधी येतो, एक जून’ हे मी कितीदा तरी ऐकलं, हसले, आणि पुढचा प्रश्न विचारला.

मेच्या शेवटी ‘पुढचा वाढदिवस कोणाचा’ असं विचारलं तर आमच्या बिल्डिंगमध्ये काय होणार? ज्या ज्या घरात आजी-आजोबा असतील तिथे तेच पुढे येणार. आणि त्यांना तर रूम हवीच होती. माझी चिठ्ठी आंधळी नव्हती. ती म्हाताऱ्यांना बरोबर ओळखून उचलत होती. चौसष्ट ते शहाऐंशीचा तो पट्टा दिसायला किती नेटका होता, पण तो फक्त नशिबाने होणारी चूक मोजतो. चुकीच्या माणसाला विचारल्याची चूक तो मोजतच नाही. ज्यांनी ही वाढदिवसाची युक्ती काढली त्यांच्या आज्या दवाखान्यात जन्मल्या असतील आणि तिथल्या नर्सने घड्याळ बघून वेळ लिहिली असेल. माझ्या आजोबांनी खांदे उडवले होते हे त्यांच्या पुस्तकात कुठून येणार? मला त्या पुस्तकांचा राग आला आणि त्याहून जास्त माझा आला.

एक जूनला शिरा झाला. रूममध्ये कागदाच्या थाळ्या, कोणाच्या तरी नातवाने आणलेला केक, आणि एकाच दिवशी जन्मलेली ती सगळी माणसं एकमेकांना हॅपी बर्थडे म्हणत होती. मी काकांना खिडकीपाशी नेऊन सगळं सांगितलं आणि हेही सांगितलं की मी तो आकडा फेकून देणार आहे, सर्व्हे परत करणार आहे.

काकांचा चमचा थाळीतच राहिला. “अगं, वेडी आहेस का तू? त्या माणसाने ॲपवर एवढा रबिश सर्व्हे केला, आणि तू कशाला धुतल्या तांदळासारखी राहायला बघतेस? ही एक जूनची भानगड त्याला जन्मात कळणार नाही. सबमिट करून टाक, यार.”

त्याला कळणार नाही हे खरं होतं. नेमकं त्यामुळेच माझं डोकं फिरलं. “काका, मला नुसतं जिंकायचं नाहीये. परत कधी त्याने आपल्यासमोर नव्वद म्हणायची हिंमत करू नये, असं करायचंय. मी खोटा आकडा नेला तर त्याच्या नव्वदला मी कोणत्या तोंडाने खोटं म्हणू?”

आईने दुरून पाहिलं आणि दोघांच्या थाळीत आणखी शिरा वाढून गेली. शेवटी काकांनी विचारलं, परत साठ दारं? मी म्हटलं, परत साठ, आणि नवे. ते म्हणाले की मग त्यांना गुडघ्याचा पट्टा घालावा लागेल. म्हणजे ते येणार होते.

या खेपेला मी वाढदिवसाचं नावच काढलं नाही. घरातून एक स्टीलची वाटी घेतली. दार उघडलं की त्या घरात आज राहणारी मोठी माणसं किती ते विचारायचं, सहा महिन्यांसाठी आलेलीसुद्धा. तेवढ्या चिठ्ठ्या करायच्या, घड्या घालून वाटीत टाकायच्या आणि त्यांच्यातल्याच कोणीतरी एक उचलायची. लोकांना याची मजा वाटायला लागली. एका घरात नवऱ्याची चिठ्ठी निघाली तर बायको म्हणाली, याला काय विचारता, याला रूम कुठल्या मजल्यावर आहे तेही माहीत नसेल. खरंच नव्हतं. त्याने केबिन निवडल्या, कारण घरात मुलं किंचाळतात आणि त्याला कॉलवर बोलता येत नाही. त्याचंही खरंच होतं. मी त्याचं उत्तर तितक्याच काळजीने लिहून घेतलं, आणि असं प्रत्येक उत्तर लिहिताना आतून चडफडत होते. काकांना तर धड चडफडणंही लपवता येत नव्हतं. ते एका दारात म्हणाले, विचार करा नीट, आणि मला त्यांना कोपराने ढोसावं लागलं.

या साठांत आमचा फ्लॅट निघाला नाही. आईने दोनदा विचारलं, आपल्याकडे कधी येणार. मी सांगितलं की या वेळी आपला नंबर नाही. ती मेथी निवडत होती, तिचे हात थांबले.

“मंग मी त्या वक्ती सांगतलं होतं, ते?”

ते आता धरायचं नाही, असं मी म्हटलं. मग का धरायचं नाही ते सगळं समजावलं. जत्रेत रिंग टाकायचा खेळ असतो ना, तसं. खुंटी जागेवर उभी असते, हलत नाही, पण माझ्या डोळ्यांवर पट्टी आहे. मी ज्या रीतीने रिंग फेकते तिच्यात शंभरदा फेकली तर पंचाण्णवदा खुंटी रिंगच्या आत येते. आत्ताची ही एक रिंग त्या पंचाण्णवांतली की उरलेल्या पाचांतली, ते मला कधीच दिसणार नाही. मागच्या वेळी तर मी तोंड भलतीकडे करून फेकत होते. आईने सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजे तुले खरं काय ते माईतच नाही.”

“नाही.”

“आन् त्या मॅनेजरले?”

“त्यालाही नाही.”

“मंग तो येवढा ठाम काऊन आहे?” ती म्हणाली. मी तिच्या पुढ्यातल्या काड्या उचलून कचऱ्यात टाकल्या. ती थोड्या वेळाने एवढंच म्हणाली, माझ्या बदली ज्याले विचारलं असशील त्याले रूम पाहिजे होती का, ते तरी सांग. कोणाचं उत्तर काय होतं हे मी सांगू शकत नव्हते. ती उठून आत गेली आणि त्या दिवशी बातम्या झाल्या नाहीत.

दुसऱ्या खेपेचा आकडा आला: साठांत बत्तीस. शंभरात त्रेपन्न, आणि पट्टा एक्केचाळीस ते सहासष्ट. निम्मे म्हणजे पन्नास त्या पट्ट्याच्या आतच होते. म्हणजे बहुमत आमच्या बाजूला आहे असं मला म्हणता येत नव्हतं, नाही असंही म्हणता येत नव्हतं. काकांना मी फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, मागचा आकडा अजून असेल ना कुठे? आहे, पण तो मेला, असं मी म्हटलं. ते उसासा टाकून म्हणाले, तू आणि तुझं ते गणित, दोघंही हट्टी.

मीटिंग त्याच रूममध्ये होती. खुर्च्या कमी पडल्या. दुपारची मंडळी सोफ्यावर दाटीवाटीने बसली होती, मधे आई आणि तेलुगू आजी. मॅनेजरने मोठ्या पडद्यावर केबिनची चित्रं दाखवली. त्या चित्रांत हसरी तरुण माणसं होती आणि एकाच्याही डोक्यावर पांढरा केस नव्हता. मग नव्वदचा आकडा आला, भला मोठा. मग माझी पाच मिनिटं.

मी काय विचारलं, कोणाला विचारलं, वाटीत चिठ्ठ्या कशा टाकल्या, ते सांगितलं. आधी एक सर्व्हे चुकला आणि का चुकला, तेही सांगितलं. काकांनी डोळे मिटून घेतले. मग एक्केचाळीस ते सहासष्ट सांगितलं. मॅनेजरने लक्ष देऊन ऐकलं आणि फार सौम्यपणे म्हणाला की म्हणजे तुमच्याच आकड्यांवरून बघायचं तर लोकांना नेमकं काय हवंय ते तुम्हाला सांगता येत नाही.

“बरोबर,” मी म्हटलं. “निम्म्याच्या वर की खाली, ते मला सांगता येत नाही. पण तुमच्या हिशेबाने रूम हवी म्हणणारे शंभरात दहा आहेत. माझा पट्टा एक्केचाळिसाला सुरू होतो. दहा त्याच्या जवळपाससुद्धा नाही. मला किती माहीत नाही ते मी तुमच्यासमोर मोजून ठेवलंय. आता तुम्ही सांगा, तुमच्या नव्वदमध्ये किती माहीत नाही?”

मागून कोणीतरी विचारलं, ॲपवर किती जणांनी उत्तर दिलं होतं? तो म्हणाला, बघून सांगावं लागेल. आणखी कोणीतरी विचारलं, रूम जाणार आहे हे त्या प्रश्नात लिहिलं होतं का? खोलीत कुजबुज वाढली. मला बरं वाटत होतं, खूप बरं वाटत होतं. मॅनेजरने बाजूला बसलेल्या, बिल्डिंगच्या ऑफिसातल्या बाईंशी बोलून घेतलं आणि जाहीर केलं की काम सध्या थांबवतो, प्रत्येक फ्लॅटला कागदावर विचारू, स्पष्ट प्रश्न विचारू. काका टाळ्या वाजवायला लागले.

मग तो पुढे म्हणाला की अर्थात, विचारायचं ते लीझवर सही असणाऱ्यांनाच. भेटीला आलेल्या पालकांना नाही. ते ‘व्हिजिटर’ आहेत, पाहुणे, त्यांचं आम्ही नेहमीच स्वागत करतो, पण ते रहिवासी नाहीत. आणि त्याने सोफ्याकडे बघून गोड हसून हात हलवला.

त्याचं म्हणणं धरलं तर अख्खा सोफा हिशेबातून गेला होता. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई उठून उभी राहिली. आईला इंग्रजी येत नाही, पण ‘व्हिजिटर’ हा शब्द तिला चांगला माहीत होता. विमानतळावर तो तिने ऐकला होता. तेलुगू आजींनी तिचा पदर ओढला, तो तिने सोडवून घेतला. तिने मॅनेजरकडे बघितलं आणि माझ्याशी बोलली.

“त्याले सांग, पाहुणा वापस जाते. मी घर विकून आली. मले वापस जायले जागा नाही. मी इथं राहते. मले बी विचारा लागन.”

घर विकलं त्या दिवशीही ती असं काही म्हणाली नव्हती. मला रडू येत होतं आणि रडले असते तर भाषांतर राहिलं असतं, म्हणून रडले नाही. मी सावकाश, एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलं. तिच्या शब्दांत माझा एकही शब्द मिसळला नाही. माझं सांगून झालं तरी ती उभीच होती.

“शेवटचं सांगतलं का?”

“सांगितलं, आई.”

“परत सांग.”

मी परत सांगितलं. मॅनेजर या वेळी परफेक्ट म्हणाला नाही. त्याने समोरचा कागद उलटा केला, खिशातून पेन काढलं आणि तिला फ्लॅटचा नंबर विचारला. मी सांगायला पुढे झाले, पण आईने मला हाताने मागे सारलं. नंबर तिने स्वतः सांगितला, इंग्रजीत, एकेक आकडा सुटा करून, आणि तो लिहून होईपर्यंत ती खाली बसली नाही.